वाक्य पुरं होईपर्यंत

१० जानेवारी

प्रिय ताई,

बातमी आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र निवांत वाचशील. तुझ्या भाच्याने लग्न ठरवलं. काल दुपारी तो मुलीला जेवायला घेऊन आला होता. मुलगी मला एकदम पसंत आहे. मला कोणी विचारलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. उंच आहे, चेहरा हसरा आहे, आणि काम काय करते म्हणशील तर इमारतींमधल्या लिफ्ट तपासते. हिची सही झाल्याशिवाय लिफ्टमध्ये माणसं चढत नाहीत. आपल्या घरात आजवर कोणाच्या सहीला एवढी किंमत नव्हती.

एकच आहे, तिचं बोलणं अडखळतं. बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी थांबते, ओठ हलतात, पण शब्द बाहेर येत नाही. पोराने आधीच बजावलं होतं, "बाबा, ती बोलताना जरा धीर धरा." मी म्हटलं, तू काळजी सोड. इतकी वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात दुसरं काय करतोय? गिऱ्हाईक दारात येऊन "ते हे नसतं का, नळाला..." म्हणतंय तोवर माझा वॉशर काउंटरवर आलेला असतो. अख्ख्या बाजारात हे फक्त मला जमतं, असं लोक म्हणतात.

तर काल मी त्याच तयारीने बसलो. पोरीला एक वाक्यसुद्धा पुरं करायचा त्रास पडू दिला नाही. ती "मला लग्न..." म्हणाली, मी म्हटलं, "साधंच हवंय, अगदी बरोबर." ती "वरची खोली..." म्हणाली, मी म्हटलं, "तुमचीच, दुसऱ्या कोणाची?" ती "मला तुमच्याकडून एक..." म्हणाली, तेव्हा मी तिच्या ताटात भाजी वाढली. जेवण झाल्यावर ती अगदी शांत बसून होती. पोट आणि मन दोन्ही भरलं की माणूस बसतो तशी.

तेव्हा ठरलं असं: लग्न उन्हाळ्यात, घरच्या घरी, चार माणसांत. लग्नानंतर दोघं इथेच, वरच्या खोलीत. सोमवारी रंगाचं काम काढतो. तू महिनाभर आधी ये.

तुझा धाकटा

ता. क. ताई, टपालात टाकायला पत्र माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. वर जे ठरलंय म्हणून लिहिलंय, त्यातलं मुलीने काहीही म्हटलेलं नाही. – तुमची भावजय


१९ जानेवारी

प्रिय बंधुराज,

अभिनंदन. भाच्याला माझ्याकडून पाठीवर एक थाप दे, मुलीला नको, तिला आधी ओळख होऊ दे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात मुलीची तीन वाक्यं आहेत आणि तिन्हींची क्रियापदं तुझी आहेत. ती लग्न "साधं हवं" म्हणणार होती की "पुढच्या वर्षी करू" म्हणणार होती, हे तुला कसं कळलं? वॉशरचं ठीक आहे. नळाला लागून लागून किती गोष्टी लागणार. पण माणसाच्या मनात वॉशरपेक्षा जास्त वस्तू असतात.

आपण दोघं फोन सोडून पत्रांवर का आलो, आठवतंय का? मी "हॅलो" म्हटलं की पलीकडून तू म्हणायचास, "गुडघा ना?" दर वेळी गुडघा नसायचा. कधी कधी मला फक्त गप्पा मारायच्या असायच्या. पण तू गुडघ्यावर चार उपाय सांगेपर्यंत माझी हौस फिटायची. पत्रात निदान मला शेवटापर्यंत जाता येतं.

मुलगी शांत बसली होती, ती समाधानाने नव्हे. नाटक कंपनीत मी उभा जन्म विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात काढला, कोणता नट कशामुळे गप्प आहे हे मला इथूनही कळतं. रंगाचं काम काढायच्या आधी तिला एकदा विचार, आणि विचारल्यावर उत्तर येऊ दे.

लग्नाला यायचं काही जमायचं नाही. या वेळी खरंच गुडघा. शिवाय घर इतके दिवस बंद ठेवणं बरं नाही. तुम्ही आनंदात करा.

तुझ्या बायकोला सांग, पत्रातला कामाचा भाग तिने लिहिलाय.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या पत्राचा राग आला होता. आता तो राग तुझ्यावरून उठून माझ्यावर आलाय.

तुझं ऐकलं नाही. वरची खोली रंगवून घेतली, दाराला नव्या बिजागऱ्या लावल्या, भिंतीत फळ्यांचं कपाट केलं. सगळं झाल्यावर दोघांना बघायला बोलावलं. पोरगी खोलीच्या मधोमध उभी राहिली. चारी बाजूंना बघितलं. मग म्हणाली, "काका, आम्हाला ही खोली न..." आणि थांबली.

मी म्हटलं, "नवीकोरी वाटतेय ना?"

तिने मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. "आम्हाला ही न..."

"नजर लागेल अशी झालीय," मी म्हटलं.

"बाबा, तिला बोलू द्या," पोरगा म्हणाला.

"बोलतेय की ती," मी म्हटलं. "मी कुठे अडवलंय?"

ती जिना उतरून खाली गेली. हिच्याकडून पाणी मागून घेतलं, प्यायली, पेला धुऊन जागेवर ठेवला, चपला घातल्या आणि गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पोरगा संध्याकाळी एकटाच परत आला. म्हणाला, "बाबा, आम्हाला ही खोली नको, हे ती तुम्हाला दोनदा सांगून बघत होती. तिच्या कामाच्या जवळ आम्ही घर बघितलंय." आणि पुढे म्हणाला, "ती म्हणते, तुझे बाबा मनाने चांगले आहेत. पण त्या घरात माझं काही काम नाही. माझ्या वाटचंसुद्धा तेच बोलतात."

त्यानंतर ती आलेली नाही. पोरगा रविवारी येतो, जेवतो, जातो. लग्नाचं विचारलं तर "बघू" म्हणतो. हे "बघू" मला अजिबात आवडत नाही, ताई. मी दुकानात उधारी मागणाऱ्याला तेच म्हणतो.

गप्प बसायचं ठरवून बघितलं. होत नाही. शब्द समोर दिसतो गं. जांभईसारखं आहे, आधी येऊन जाते, मग आपल्याला कळतं. या वयात मी हे कसं बदलू? तू विंगेत बसायचीस, तुला असं आधीच तोंडावर यायचं नाही का?

तुझा धाकटा


२४ फेब्रुवारी

प्रिय बंधुराज,

यायचं. तुझ्याहून जोरात यायचं.

कंपनीत नवी होते तेव्हाची गोष्ट. नाटकात एक प्रसंग होता, त्यात कंपनीच्या मुख्य नटी, मोठ्या बाई, मुलाला घराबाहेर काढतात. त्या दिवशी त्या अर्ध्या वाक्यावर थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. हातात पुस्तक, पुस्तकात वाक्य, मी खणखणीत आवाजात पुरवलं. पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं आणि लोक हसले. प्रयोगानंतर त्यांनी मला रंगपटात बोलावलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्या आरशात बघून चेहरा पुसत होत्या. म्हणाल्या, "अगं, ते थांबणं माझं होतं. तू ते घेतलंस."

मी ठरवलं की आता कोणालाच काही पुरवायचं नाही. दुसऱ्याच दिवशी एक नट खरोखर विसरला आणि मी तोंड मिटून बसले. त्याचे हाल झाले आणि माझेही. म्हणून सांगते, नुसतं गप्प बसायचं ठरवू नकोस. सवय काढून टाकली की तिची जागा रिकामी राहते आणि ती तिथेच परत येऊन बसते. त्या जागी दुसरं काहीतरी करायला हवं.

मला ते बाईंनीच शिकवलं. विसरलेला नट विंगेकडे बघतो. मुद्दाम थांबलेला नट समोरच्याकडे बघतो. ओळखायला इतकं सोपं, पण त्यासाठी नटाकडे बघायला हवं, आणि मी बघत होते पुस्तकाकडे. तूही पुस्तकाकडेच बघतोस. तुझं पुस्तक तुझ्या डोक्यात आहे एवढंच.

तेव्हा असं कर. शब्द तोंडाशी आला की तो येऊ दे, येण्यावर तुझा ताबा नाही. पण तो द्यायच्या आधी समोरच्याच्या डोळ्यांकडे बघ. तो तुझ्याकडे मागतोय का? मागत असेल तर दे. मागत नसेल तर तो शब्द तुझा, तुझ्यापाशी ठेव. हात काउंटरवर पालथे ठेव, नाहीतर ते तुझ्या आधी खणाकडे धावतील. आणि वाक्य संपलं असं वाटलं तरी एक श्वास जाऊ दे. बरीच माणसं खरी गोष्ट त्यानंतर सांगतात.

सुरुवात गिऱ्हाइकांपासून कर. पोरीवर सराव करायला जाऊ नकोस. ती काही तुझी तालीम नव्हे.

तुझी ताई


२० मार्च

प्रिय ताई,

तुझ्या उपायाने दुकानाची अब्रू धोक्यात आली आहे.

पहिल्या दिवशी आमचा नेहमीचा प्लंबर आला. "ते आपलं..." म्हणून थांबला, कारण पुढचं मी म्हणायचं अशी आमची पद्धत. मी हात पालथे ठेवले आणि त्याच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो. तोही बघत राहिला. शेवटी घाबरून म्हणाला, "शेठ, माझं काही चुकलं का?" दुपारी दुकानाशेजारच्या फुलवालीने हिला निरोप पाठवला की तुमच्या साहेबांना एकदा डॉक्टरकडे दाखवून आणा, नुसते टक लावून बघतात.

पण मग एक गंमत झाली. पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, भूगोल शिकवायच्या. दर आठवड्याला येतात. "मला ते भिंतीतले हुक..." म्हणाल्या की मी हुक बांधून देतो, त्या "असू दे" म्हणून घेऊन जातात. माझ्या हिशोबाने त्यांच्या घरात फोटो फार. या वेळी मी हुकांना हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "मला ते भिंतीतले हुक..." आणि थांबल्या, माझी वाट बघत. मी त्यांची बघत. मग चाचरत म्हणाल्या, "...सारखे निसटतात. काय करायचं, ते विचारायचं होतं."

ताई, त्यांना हुक नकोच होता. भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग हवा होता. कित्येक महिने त्या तेवढंच विचारायला येत होत्या आणि मी दर वेळी त्यांना हुक देऊन वाटेला लावत होतो. घरी एक डबा भरून हुक साठलेत म्हणे. मी सगळे परत घेतले.

मग म्हटलं, घरीही करून बघावं. ही कांदा चिरत होती. म्हणाली, "रविवारी मला..." मी नेहमी म्हणतो, "कपाट आवरायचंय, माहीत आहे." या वेळी डोळ्यांकडे बघितलं. कांद्यामुळे नीट काही दिसेना, पण ती मागत नव्हती एवढं कळलं. पुष्कळ वेळाने म्हणाली, "रविवारी मला काही म्हणजे काही करायचं नाहीये. वरच्या खोलीत दार लावून पडायचंय." आणि एक श्वास गेल्यावर, तू म्हणालीस तसंच, "आणि ती खोली मलाच हवीय."

तर वरची खोली आता हिची आहे. जाताना दार वाजवावं लागतं. बिजागऱ्या नव्या असल्याने दार उघडलं-मिटलं तरी ऐकू येत नाही.

रोज जमतं असं समजू नकोस. काल बँकेत एका माणसाचं नाव त्याच्या आधी मी सांगितलं. तो स्वतःची ओळख करून देत होता बिचारा. शिवाय चुकीचं सांगितलं.

आता पोरीला घरी बोलावू का? माफी मागायची आहे. काय बोलायचं ते मनात चांगलं तयार केलंय.

तुझा धाकटा


२७ मार्च

प्रिय बंधुराज,

तयार केलेलं भाषण विसरून जा. एक वाक्य बोल आणि थांब.

घरी बोलावू नकोस. तुझ्या घरात तुझी जीभ जुन्या वाटेनेच चालणार. तिला विचारून तिच्या कामावर जा. जिथलं तुला काही कळत नाही अशा ठिकाणी गेलास तर तुझ्याकडे पुरवायला शब्दच कमी असतील.

भूगोलाच्या बाईंचं वाचून मी चहा सांडला.

तुझी ताई


१५ एप्रिल

प्रिय ताई,

पोराकडून निरोप पाठवला आणि तिने बोलावलं. एक सात मजली कचेरी आहे, तिथल्या लिफ्टची तपासणी होती. डोक्यावर हेल्मेट, हातात बॅटरी, मला ओळखूच आली नाही. मलाही एक हेल्मेट दिलं. ते माझ्या कानांवर बसत होतं, त्यामुळे ऐकायला आपोआपच लक्ष द्यावं लागलं.

इमारतीचा रखवालदार बरोबर होता. तिने त्याला काहीतरी विचारलं, मध्येच शब्द अडला. तो किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत उभा राहिला. शब्द आला, त्याने उत्तर दिलं, पुढचं काम सुरू. त्याने काहीच विशेष केलं नाही, ताई. मी इतके दिवस ज्याची तालीम करत होतो ते एवढंच होतं.

गच्चीवरच्या खोलीत तिने मला मोटर दाखवली, दोर दाखवले, ब्रेक कसा धरतो ते समजावलं. मी हात पाठीमागे बांधून ऐकत होतो. मग आम्ही दोघं लिफ्टने खाली निघालो आणि दोन मजल्यांच्या मध्ये तिने बटण दाबून लिफ्ट थांबवली. थांबते की नाही ते बघायचं होतं. मला वाटलं, हीच वेळ.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी तुझं बोलणं ऐकलंच नव्हतं."

पुढे बरंच तयार होतं. ते गिळलं.

ती वहीवर काहीतरी टिपत होती. ते पुरं केलं, वही बंद केली. मग म्हणाली, "काका, पहिल्या दिवशी जेवताना मी म्हणत होते, मला तुमच्याकडून एक..." आणि तिथेच अडली, त्या दिवशी अडली होती तिथेच. माझ्या तोंडात शब्दांची रांग लागली. सल्ला, वचन, पाना, पलंग. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि मागत अजिबात नव्हती. तिचं काम चालू होतं, ते ती करणार होती. लिफ्ट थांबलेली, कुठे जायचंही नव्हतं.

"...टेबल बनवायला शिकायचंय," ती म्हणाली. "विकतचं नको. लोखंडाचं मला कळतं. लाकडाचं येत नाही. त्याआधी एकदा खिळे घ्यायला आले होते, तेव्हा तुमच्या दुकानात तुम्हाला लाकूड कापताना बघितलं होतं. नव्या घरात पहिली वस्तू ती हवी, आपण दोघांनी केलेली."

आणि मी तिला भाजी वाढली होती.

मला बोलता येईना. ती थांबली. लिफ्टमध्ये माझं वाक्य पुरं होईपर्यंत तीच थांबली, ताई. शेवटी मी "सागवान की साधं?" एवढंच विचारू शकलो. ती हसायला लागली आणि बटण दाबलं.

लग्न दहा मेला आहे. आणि साधं नाही. तिला खूप माणसं हवीत, मोठा हॉल, वाजंत्री आणि नाच. सकाळी नोंदणी कार्यालय, संध्याकाळी धिंगाणा. मी त्या दिवशी "साधंच" म्हणालो तेव्हा ती "दणक्यात करायचंय" म्हणत होती.

आता तुझ्याबद्दल. तुझी जुनी पत्रं काढून बघितली. मी "ये" म्हटलं की तुझं "जमायचं नाही" आधी येतं आणि कारण मागून चालत येतं. कधी गुडघा, कधी घर, कधी थंडी. मला वाटतं, तू आमंत्रण शेवटापर्यंत वाचतच नाहीस. या वेळी वाच. ये.

तुझा धाकटा


२२ एप्रिल

प्रिय बंधुराज,

टेबलाचं वाचून फार बरं वाटलं. सागवान घे, साधं वाकतं.

लग्नाला जमायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई गावाला गेल्यात, त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं मी कबूल केलंय. शिवाय गुडघा. आणि हॉल, वाजंत्री, नाच यात माझं काय काम?

मुलांना आशीर्वाद. आणि सवयींचं मला शिकवू नकोस, ते मी तुला शिकवलंय.

तुझी ताई


१४ मे

प्रिय ताई,

लग्न झालं. तू नव्हतीस, म्हणून नीट सांगतो.

नोंदणी कार्यालयाची खोली लहान. आमची माणसं, तिची माणसं, आणि दारात पुढच्या नंबराचं जोडपं घामाघूम होऊन उभं. टेबलामागे अधिकारी, चष्म्याच्या वरून बघणारा. वधूवरांनी चार ओळी म्हणायच्या असतात. कागद समोर असतो, वाचला तरी चालतं. आपल्या पोराने वाचला. पोरीने कागद बाजूला ठेवला. म्हणाली, पाठ आहे.

चांगलं म्हणत होती. "मी या व्यक्तीला माझ्या..." इथे आली आणि थांबली.

पंख्याचा आवाज येत होता. तिची आई खाली बघत होती, ही माझ्याकडे बघत होती. मी हात पालथे ठेवायला काही मिळेना म्हणून समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले. दारातल्या जोडप्याने घड्याळाकडे बघितलं. अधिकारी भला माणूस, त्याने बराच वेळ वाट पाहिली. मग तो पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या इच्छेने, असं म्ह..."

"साहेब," मी म्हटलं, "तिचं बोलणं चालू आहे."

मी कोणाचं वाक्य तोडलं असेल तर शेवटचं हेच. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि मागे टेकून बसला, जणू त्याला दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. दारातली मुलगीसुद्धा चौकटीला टेकली. सगळी खोली थांबली होती आणि कोणाला घाई दिसेना.

"...माझ्या मर्जीने," ती म्हणाली, "आणि आनंदाने, जोडीदार म्हणून स्वीकारते."

"आनंदाने" कागदावर नव्हतं. ते तिने घातलं. अधिकारी म्हणाला, "ते लिहायला इथे जागा नाही, पण ऐकलंय मी." आणि सही केली.

संध्याकाळी सगळे नाचले. मीही नाचलो, त्याबद्दल कोणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. जेवायला बसलो तेव्हा सूनबाईने विचारलं, "आत्या का नाही आल्या?" मी नेहमीप्रमाणे "तिचा गुडघा" म्हणायला तोंड उघडलं, आणि मग वाटलं, हे तुझं वाक्य, मी कशाला पुरवू? म्हटलं, "तिलाच विचार." खाली तिने लिहिलंय.

तुझा धाकटा

आत्या, टेबल सुरू केलंय. बाबा मला रंधा धरायला देतात आणि स्वतः खिशात हात घालून उभे राहतात, त्यांना फार जड जातं ते. एक पाय तिरका झालाय, कोणाचा ते ठरायचंय. तुम्हाला आमच्याकडे यायला आवडेल का? उत्तर लगेच नको. मला थांबता येतं.


६ जून

प्रिय बंधुराज, आणि सूनबाई,

"उत्तर लगेच नको" हे वाचलं नसतं, तर मी त्याच संध्याकाळी नकार कळवून मोकळी झाले असते. लिहायलाही बसले होते. "गुडघ्यामुळे" एवढं लिहून झालं आणि पुन्हा ती ओळ दिसली. कागद तसाच ठेवून दिला.

पुढचे दिवस फार वैतागाचे गेले. पत्र समोर, उत्तर तयार, आणि द्यायचं नाही. बंधुराज, तुला मी काय करायला लावलं होतं ते मला आता कळलं. मग एक एक कारण डोळे उघडून बघितलं. गुडघा दुखतो, पण तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जाताना दुखत नाही. कुंड्यांच्या बाई कधीच्याच परत आल्यात, मी त्यांना अजून जिन्यात टाळते, नाहीतर माझं कारण जाईल. घर बंद राहिलं तर त्याचं काय होणार, बंदच राहील.

सगळं बाजूला केल्यावर खाली एवढंच उरलं की मला उजेडात बसायची सवय नाही. आयुष्यभर विंगेतल्या अंधारात बसून दुसऱ्यांची वाक्यं सांभाळली. चार माणसांत कोणी "आणि तुम्ही काय म्हणता?" विचारलं की हातात पुस्तक नसतं. त्या भीतीने मी कोणी विचारायच्या आधीच नाही म्हणून ठेवते. लग्न चुकलं, त्याचं खरंच वाईट वाटतं. "आनंदाने" मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

काल स्टेशनवर गेले. खिडकीत एक तरतरीत मुलगी होती. जायचं तिकीट दिलं, शुक्रवारी सकाळी पोचते. मग तिने विचारलं, "परतीचं कधीचं?"

माझ्या जिभेवर सोमवार आलेला होता. विचार करून नव्हे, आपला तिथे येऊन बसलेला. मी तोंड मिटलं. मागे रांग मोठी होती. मागच्या गृहस्थांनी घसा साफ केला.

"सोमवारचं देऊ का?" मुलगी म्हणाली.

"थांब जरा," मी म्हटलं, "मी विचार करतेय."

आणि केला. मी घाई केली नाही. शेवटी म्हटलं, "परतीचं नको."

"नक्की ना?" तिने विचारलं.

"नक्की नाही," मी म्हटलं, "पण नको."

तुमची ताई आणि आत्या